दोनशे पावलं

संभाजीनगरच्या समर्थनगरातल्या एका जुन्या घराच्या पोर्चमध्ये दुधी रंगाची फियाट उभी असते. १९६८ची, ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली. हीच गाडी थोड्याफार फरकानं पुढे पद्मिनी म्हणून देशभर पोचली, पण तिचे मालक नाना कुणाला तिला पद्मिनी म्हणू देत नाहीत. डिलाइट म्हणायचं.

गाडी आबांची, म्हणजे नानांच्या वडिलांची. आबा जायकवाडीवर ओव्हरसियर होते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली तेव्हा आबा सायकलवर होते. १९७६च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी आबांनी ही फियाट सेकंडहँड घेतली. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आबा गेले, घराच्या वाटण्या झाल्या. नानांनी जमिनीतला वाटा सोडला आणि गाडी मागून घेतली.

तेव्हापासून त्यांचा एकच नियम होता: आबांच्या गाडीला परका स्क्रू लागणार नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची. त्या नियमातले ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द नानांनी पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवले. सरकारनं आपलीच बाजू घेतली, असं त्यांना वाटलं.

मग एका संध्याकाळी जालना रोडवर, मोंढा नाक्याच्या अलीकडे, एक रिक्षा त्यांच्या बंपरला येऊन टेकली. फार काही झालं नाही. रिक्षावाला उतरला, बंपरवरून हात फिरवून बघितला आणि म्हणाला, “काका, गाडी थांबली ते कळलंच नाही हो. मागं काही पेटलंच नाही.”

दिवे पेटत होते, पण दिसत नव्हते. जुन्या गाडीच्या मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक पाच वॅटची, रात्रभर मंद जळणारी. दुसरी एकवीस वॅटची, ब्रेकवर पाय पडला की पेटणारी. या बल्बला वीज एका वायरीनं येते आणि परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्रा गंजला की परतीची वाट अडते. त्यात फियाटला डायनॅमो. इंजिन मोकळं चालू असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. म्हणजे गाडी सिग्नलला उभी राहते, मागच्याला दिवा दिसायची खरी गरज असते, नेमका तेव्हाच दिवा मलूल होतो. जुन्या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि प्रत्येक जण ते चालवून घेतो.

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. त्यानं ऐकलं आणि दोन दिवसांत एलईडीचे बल्ब मागवले. मक्याच्या कणसाला चहूबाजूंनी दाणे असावेत तसे पांढरे दाणे लावलेले. जुन्याच होल्डरमध्ये बसले, एक वायर तोडावी लागली नाही. रात्री त्यानं बटण दाबलं आणि कंपाउंडची अख्खी भिंत लालसर झाली. शेजारचे गॅलरीत आले. नाना भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहिले. आबांची गाडी तरुण झाली, असं ते चार जणांना म्हणाले.

दोन गोष्टी खटकत होत्या. तांबड्या काचेतून येणारा रंग तांबडा नव्हता, गुलाबीकडे झुकलेला होता. आणि इंडिकेटरची टिकटिक बंद पडली होती. लावला की नुसता पेटून राहायचा. नाना खिडकीतून हात बाहेर काढून वळायला लागले. एवढं चालायचंच, म्हणाले.

कार्तिकातल्या एका रविवारी ते घृष्णेश्वराला गेले. परतताना खुलताबादहून घाट उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो. वेस अरुंद, समोरून एक बस शिरलेली. नानांनी ब्रेक दाबला. क्षणभरानं मागून धडक बसली.

मोटरसायकलवर नवरा-बायको होते आणि मधे चार वर्षांची मुलगी. मुलीला काही झालं नाही. बाईचं कोपर सोलवटलं होतं आणि ती कोपर सोडून मुलीचं डोकं चाचपत होती. नाना खाली उतरले ते चिडूनच. एवढे लख्ख दिवे असताना माणूस येऊन आदळतो म्हणजे काय!

“दिसला नाही दिवा?”

तरुण थरथरत होता, पण शांतपणे बोलला. “दिसला ना, काका. घाटापासून दिसतोय. सारखाच पेटलेला होता. ब्रेक कधी मारला ते कसं कळणार?”

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी बाईला आणि मुलीला गाडीत बसवलं, दवाखान्यात नेऊन पट्टी करून घेतली, मोटरसायकलचा खर्च दिला. घरी येऊन पोर्चमध्ये गाडी लावली, भिंत पुन्हा लालसर झाली आणि त्यांनी घाईघाईनं बटण बंद केलं.

चेलीपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका उस्तादांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं, आणि भिंतीला टांगलेल्या वायरींच्या गुंडाळ्या. उस्ताद नानांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे. त्यांनी बोनेट उघडलं नाही. कुठं आदळलं, कसं आदळलं, हेही विचारलं नाही. दुकानातल्या पोराला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि नानांना म्हणाले, “चला, मागं जाऊ.”

“इथूनच बघू ना.”

“इथून तर सगळेच बघतात. दोनशे पावलं जायचं.”

संध्याकाळची गर्दी होती. हातगाड्या, बुरखा सावरत चाललेल्या बायका, शाळेतून सुटलेली पोरं. उस्ताद पावलं मोजत चालले. मोटार वाहन नियमांत लिहिलंय की मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. उस्तादांनी तो नियम वाचलेला नव्हता. त्यांच्या उस्तादानं त्यांना पन्नास वर्षांपूर्वी ‘दो सौ कदम’ सांगितले होते. माणसाचं साधं पाऊल धरलं तर हिशेब जवळजवळ तोच येतो. मला या कथेतली ही गोष्ट फार आवडते. कायदा कुणीतरी मीटरमध्ये लिहिला आणि कारागिरानं तो पायात जपला.

उस्तादांनी हात वर केला. लांबवर गाडीचे दिवे लागले.

“आता पोरगा ब्रेक दाबेल. दाबला की सांगा.”

नाना डोळे ताणून उभे राहिले. बराच वेळ गेला.

“अजून दाबला नाही का?”

“तीनदा दाबून झाला, नाना.”

गाडी नानांची होती. तीस वर्षं तेच चालवत होते. या तीस वर्षांत आपण एकदाही आपल्या गाडीच्या मागून चाललेलो नाही, हे त्यांच्या तिथं उभ्या उभ्या लक्षात आलं. भिंतीवरचा उजेड त्यांनी रोज पाहिला होता, पण भिंत काही कधी त्यांच्या मागून येत नव्हती.

काम दोन दिवस चाललं आणि नाना दोन्ही दिवस बाकड्यावर बसून होते.

आधी उस्तादांनी नवं काहीच लावलं नाही. दोन्ही टेल लॅम्प खोलले, काचा साबणाच्या पाण्यात टाकल्या. होल्डरमागचा गंज पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला आणि होल्डरपासून थेट गाडीच्या सांगाड्याला अर्थिंगची वेगळी वायर नेली. मग आबांच्या काळातल्यासारखाच साधा बल्ब लावून बटण दाबलं. दिवा लख्ख पेटला.

“म्हणजे बल्बचा दोष नव्हता?” नाना म्हणाले.

“बल्बचा थोडा. गंजाचा जास्त. लोक गंज तसाच ठेवतात अन् वरून दिवा बदलतात.”

“मग हाच राहू द्या.”

उस्तादांनी मान हलवली. साध्या बल्बची तार तापून उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. एलईडीला तापावं लागत नाही, ती लगेच पेटते. ताशी साठच्या वेगानं मागून येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढं सरकते. शिवाय एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, एलईडी त्याच्या पाव हिश्श्यातही भागवते. डायनॅमोच्या गाडीला हा मोठा आधार. एलईडी वाईट नव्हतीच, नानांची निवड चुकली होती.

रंगाचं कोडं उस्तादांना त्यांच्या मुलीनं उलगडून सांगितलं होतं. ती वाळूजला वाहनांचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. आपल्या संभाजीनगरला गाड्यांच्या दिव्यांची ओळख नवी नाही. वाळूजच्या व्हॅरॉकनं २०१२ साली व्हिस्टिऑन या बड्या कंपनीचा दिव्यांचा व्यवसायच विकत घेतला होता. तर, पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळ्या रंगाचा लेप. तिच्या उजेडात तांबडा अंश कमीच. तांबडी काच फक्त तांबडं पलीकडे जाऊ देते, उरलेलं गिळते. म्हणजे जे गिळलं जाणार तेच पांढऱ्या एलईडीत जास्त असतं. म्हणून तांबड्या काचेमागे तांबडीच एलईडी हवी. ती उस्तादांनी मुलीकडून समजून घेऊन आणली होती. दाणे अशा बेतानं बसवलेले, की उजेड जुन्या वाटीच्या मध्यातूनच सुटावा, जिथं पूर्वी तार असायची. वाटीचा आकार त्या तारेसाठीच घडवलेला असतो.

इंडिकेटरचं दुखणं वेगळं होतं. जुना फ्लॅशर बल्बच्याच विजेनं तापतो, तापला की जोडणी बदलते, आणि त्यातूनच ती टिकटिक येते. एलईडी एवढी कमी वीज घेते की तो तापतच नाही. उस्तादांनी त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला. तरी डॅशबोर्डावरच्या एकुलत्या एका दिव्यातून वीज उलटी फिरून दोन्ही बाजू एकदम लुकलुकायला लागल्या. त्या दिव्याला दोन डायोड आणि वेगळं अर्थिंग दिलं, मग शांत झालं. पुढचे दोन इंडिकेटरही बदलले आणि डॅशबोर्डाखाली, बाहेरून दिसणार नाही असं, चारही कोपरे एकदम चालू करायचं एक बटण दिलं. फियाटला ते मुळात नव्हतं.

हे सगळं नानांना पटत गेलं. अडले ते एकाच ठिकाणी. उस्तादांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या वायरीत एक छोटा रेझिस्टर टाकला आणि तो दिवा मंद केला. चांगलाच मंद.

“उस्ताद, पैसे मी उजेडाचे देतोय.”

“हौ.”

“मग कमी कशाला करता?”

उस्तादांनी हातातली पक्कड खाली ठेवली. “नाना, आमच्या गल्लीत एक माणूस आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत ओरडून बोलतो. परवा त्याच्या घरात पाणी शिरलं, तो ओरडला, कुणी गेलं नाही. लोकांना वाटलं, रोजचंच.” त्यांनी ब्रेकची वायर जोडली. “मी आहे, हे हळू सांगायचं. मी थांबलो, हे जोरात. दोन्ही जोरात सांगितलं तर मागच्यानं काय समजायचं?”

नाना गप्प बसले. त्यांना एकदम गावाकडची बैलगाडी आठवली. पैठण तालुक्यात त्यांच्या आजोबांची शेती होती. बाजार करून रात्री परतताना आजोबा गाडीच्या आखाखाली कंदील टांगायचे. वात अगदी बारीक. लहानपणी नानांनी विचारलं होतं, कंदील बैलांच्या पुढं का नाही? आजोबा म्हणाले होते, बैलांना वाट पाठ आहे. मागून येणाऱ्याला आपण पाठ नाही.

संध्याकाळी दोघं पुन्हा दोनशे पावलं मागं गेले. गर्दीत दोन तांबडे ठिपके शांतपणे जळत होते. मग ते एकदम उमलले, पुन्हा मिटले, पुन्हा उमलले. नानांनी प्रत्येक वेळी बोट वर केलं. एकदाही चुकलं नाही.

काढलेले जुने बल्ब, जुना फ्लॅशर आणि काचांचे जुने स्क्रू उस्तादांनी एका फडक्यात बांधून दिले. “डिक्कीत ठेवा. मूळची एक वायर कापलेली नाही. उद्या कुणाला जसं होतं तसं करावं वाटलं तर अर्ध्या तासाचं काम.” नानांनी गाठोडं हातात घेतलं तेव्हा त्यांचा आवाज दाटला होता. आबांची गाडी आबांचीच राहिली होती.

फाल्गुनात नाथषष्ठी आली. दरवर्षी नाना पहाटेच पैठणला निघतात. या दिवसांत तो रस्ता अंधारातही जागा असतो. दिंड्या मिळेल तिथं मुक्काम टाकून पहाटे चालू लागतात. पताका, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. आणि त्याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम संपत आलेला असतो, म्हणून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस पळत असतात. ऊस मागं इतका लोंबतो की ट्रॉलीला दिवा असला तरी झाकला जातो.

बिडकीनच्या पुढे नानांना रस्त्यावर काहीतरी काळं दिसलं. दिसलं म्हणण्यापेक्षा, तेवढ्या भागात चांदण्या नव्हत्या. त्यांनी वेग कमी केला. उसानं भरलेली ट्रॉली अर्धी डांबरावर उभी होती, मागचं चाक बसलेलं. ट्रॅक्टरवाला पोरगा, विशीचा असेल, मोबाईलच्या उजेडात जॅक लावायची खटपट करत होता. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, एक दगडसुद्धा ठेवलेला नाही.

“दोघं-तिघं थोडक्यात वाचले, काका,” तो म्हणाला. “कारखान्यावरून माणूस निघालाय.”

लांबून टाळांचा आवाज येत होता. एक दिंडी त्याच रस्त्यानं, ट्रॉलीच्याच बाजूनं येत होती. त्यांच्या मागून येणाऱ्या गाड्यांना वारकऱ्यांना चुकवायचं म्हटलं तरी जागा उरणार नव्हती.

नानांनी गाडी मागं घेतली. ट्रॉलीच्या बरंच अलीकडे, रस्त्याच्या कडेला लावली. पार्किंग चालू केलं, डॅशबोर्डाखालचं बटण दाबलं. इंजिन बंद केलं. चारही कोपरे ठोके देऊ लागले. जुन्या बल्बांवर असं तासभर उभं राहायचं धाडस त्यांनी केलं नसतं, बॅटरी बसली असती आणि ट्रॉलीमागे आणखी एक बंद गाडी उभी राहिली असती.

ते खाली उतरले आणि पाठ करून चालायला लागले.

“काका, कुठं निघालात?” पोरानं विचारलं.

“येतो बघून.”

दोनशेव्या पावलावर ते वळले. कोपऱ्यांवरचा उजेड नाडीसारखा उडत होता, मधे दोन स्थिर तांबडे ठिपके. ट्रॉली दिसत नव्हती, पण तिथं काही आहे, जपून जायचं आहे, हे दिसत होतं. ते तिथंच थांबले. एक जीप आली, त्यांच्याजवळून जाताना वेगात होती, शंभर पावलांवर तिचे दिवे उजळले, वेग उतरला, ती अलगद बाहेरून वळून गेली. मग एक टेम्पो. मग दूध घेऊन निघालेला मोटरसायकलवाला. कुणीही थांबून विचारलं नाही, विचारायचं कारणच नव्हतं. दिंडी आली. विणेकऱ्यामागून बायका चालत होत्या, त्या ट्रॉलीला वळसा घालून गेल्या तेव्हा मागच्या गाड्या रांगेनं, हॉर्न न वाजवता उभ्या होत्या.

चाक बदलून झालं तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. पोरानं उसाची एक कांडी मोडून पुसून नानांच्या हातात दिली. नानांनी ती मागच्या सीटवर ठेवली आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं.

मग त्यांनी पोराला हाक मारली. डिक्की उघडली, तळातून तांबड्या रिफ्लेक्टर पट्टीचा रोल काढला. उस्तादांनी उरलेला दिला होता. दोघांनी मिळून ट्रॉलीच्या फळीला, ऊस लोंबत होता त्याच्या खाली, तीन पट्ट्या चिकटवल्या.

“झालं काका, बसली नीट,” पोरगा पट्टीवर अंगठा दाबत म्हणाला.

“इथून नको सांगू,” नाना म्हणाले. “चल, मागं जाऊ.”